घर कोणाचे?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जातो. वसईतील जुन्या घरांचे ओटे उंच. बांधणाऱ्यांनी पावसाचे पाणी डोळ्यांसमोर ठेवले होते. घरात आलेल्या सुनेचे गुडघे कधीतरी झिजतील हे त्यांच्या मनात कसे यावे? अशाच एका घरात ऐंशी ओलांडलेल्या एक मावशी राहतात. ओट्याला तीन पायऱ्या, संडास मागच्या परसात. एका पावसाळ्यात त्या तेथे घसरल्या. तेव्हापासून, रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून, त्यांनी दुपारनंतर पाणी पिणेच सोडले आहे.

आम्ही दुरुस्तीची गोष्ट काढली तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, घर पोरांचं आहे. माझ्यासाठी ते कशाला तोडायचं?”

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. कफर्णहूम येथे एका पक्षाघाती माणसासाठी चौघांनी चक्क छप्पर उसकटले. घरमालकाने तक्रार केल्याचे मार्क कोठे सांगत नाही. परंतु तो आजारी परका होता. आपल्याच घरात आपल्यासाठी भिंत फोडा, असे म्हणणे आईला अधिक अवघड जाते.

खर्च थोडा नाही. उतरणीला उंचीच्या बारापट लांबी लागते. म्हणजे दीड फूट ओट्याला अठरा फूट. शिवाय घरात संडास, धरायला कठडा, न घसरणारी फरशी. महाराष्ट्र शासनाने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांवरील, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी एकरकमी 3,000 रुपये. त्यात कमोडची खुर्ची येईल. भिंत फोडून संडास होणार नाही. 2007 च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहात अन्नवस्त्राबरोबर निवासही धरला आहे, आणि मुलांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण मुलाला प्रांतसाहेबांसमोर उभे करणारी आई आम्ही अजून पाहिलेली नाही.

त्याच सुमारास बँकांची रिव्हर्स मॉर्गेज योजनाही आली. साठी ओलांडलेल्याने राहते घर तारण ठेवायचे, पैसे घ्यायचे, हयातीत हप्ता नाही; मागाहून वारसांनी कर्ज फेडून घर ठेवावे, नाहीतर बँक ते विकून उरलेली रक्कम त्यांना देते. घराच्या दुरुस्तीसाठीही ते पैसे वापरता येतात. यात मुलांची लूट आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्या घरासाठी माणूस राबला, त्या घराने अखेरीस त्याला सांभाळावे, हा न्यायच आहे. अडचण निराळी आहे. घर स्वकष्टार्जित आणि कागदपत्रे निर्वेध असावी लागतात. आमच्याकडे सात-बारावर अजून आजोबांचेच नाव असते!

म्हणजे प्रश्न फिरून मुलांपाशी येतो, आणि येथे आम्हांला स्वतःविषयी बोलले पाहिजे. या मावशींच्या थोरल्या मुलाने देवळाच्या सणाला मोठी देणगी दिली. आम्ही वेदीवरून त्याचे नाव वाचले, आभार मानले. त्याच्या आईच्या पायऱ्या आम्हांला ठाऊक होत्या. आईबापांचा वाटा ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिला की कर्तव्य सुटले, असे मानणाऱ्यांना प्रभू येशूने कडक शब्दांत फटकारले होते. त्या उताऱ्यावर आम्ही अनेकदा प्रवचन दिले आहे. तो पैसा घेणाऱ्या हाताविषयी मात्र आम्ही कधी विचार केला नव्हता.

पुढे आम्ही त्या मुलाला भेटलो. पुढच्या सणाची देणगी देवळाला नको, आईच्या मोरीला लाव, असे सांगितले. तो दुखावला, ‘आईने कधी मागितलेच नाही’ म्हणाला. ते खरेही होते. आठवड्याभराने तो गवंडी घेऊन आला. उरलेली रक्कम सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे बंधू उभी करीत आहेत, गाजावाजा न करता, कारण मावशींना ‘गरिबांच्या यादीत’ नाव नको आहे. हा संकोच आम्ही खोटा अभिमान मानत नाही. आयुष्यभर इतरांना वाढलेल्या हातांना पसरणे शिकवू नये.

मावशींनी अद्याप होकार दिलेला नाही. गवंड्याला मात्र त्यांनी परवा विचारले, कठडा उजव्या हाताला बसवता येईल का.