सोबतीचें ऋण

एखाद्या जीवानें आपल्यावर उपकार केला, पण तो करण्यावांचून त्याला दुसरी गतीच नव्हती, तर आपण त्याचे ऋणी होतों कीं नाहीं? वरवर पाहतां हा प्रश्न केवळ तर्काचा वाटतो. परंतु कोरोनाच्या साथींत तो पुष्कळ घरांत, खिडकीशीं टांगलेल्या पिंजऱ्याच्या रूपानें, प्रत्यक्ष उभा राहिला. आणि साथ सरली तरी त्याचें उत्तर देणें सरलेलें नाहीं.

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली. प्रथम ती २१ दिवसांची होती. पुढें वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालली. शाळा बंद, कचेऱ्या बंद. शेजारी शेजाऱ्याकडे जाईना. अशा वेळीं ज्या घरांत पांखरूं होतें, तेथें त्याचें मोल एकाएकीं वाढलें. एरवीं सकाळीं दाणापाणी घालून मंडळी बाहेर पडे ती सायंकाळीं परत येई, आणि पांखरूं दिवसभर एकटें असे. आतां सारें घर त्याच्याभोंवतीं जमलें. मुलें त्याला शब्द शिकवूं लागलीं. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला घरांत ऐकूं येणारा सजीव आवाज कित्येकदां त्याचाच. त्याच्या किलबिलीनें दिवसाला आरंभ होई, आणि पिंजऱ्यावर फडकें पडलें म्हणजे दिवस संपे.

याच काळांत अनेकांच्या मनांत आलें कीं, "आज आपणही पिंजऱ्यांतच आहों, आतां ह्या जीवाचें दुःख आपल्याला कळलें." हा कळवळा खोटा नव्हे. तथापि ही तुलना नीट तपासून पाहिली पाहिजे. आपण घरांत बसलों तें एकमेकांचे प्राण वांचावे म्हणून. त्या बंधनाला कारण होतें, तें आपणांस समजत होतें, आणि त्याला शेवट असेल अशी आशा होती. पांखराच्या बंधनांत यांतलें एकही नाहीं. तें आपल्या करमणुकीसाठीं कोंडलेलें आहे. आपलें दार उघडलें. त्याचें उघडलें नाहीं. म्हणून "आपण दोघेही बंदिवान" हें बोलणें ऐकावयास गोड असलें तरी न्यायाचें नाहीं.

कोणी म्हणेल, "तर मग दार उघडून सोडून द्या, म्हणजे झालें." येथें दयेनें डोळे उघडे ठेविले पाहिजेत. आपल्याकडे पुष्कळ लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणतात, ते चिमुकले हिरवे-निळे पक्षी बहुधा बजरीगर असतात. त्यांचें मूळ घर ऑस्ट्रेलिया. तेथें ते मोठमोठ्या थव्यांनीं दाण्यापाण्याच्या शोधांत हिंडतात. परंतु आपल्या घरांतले बजरीगर पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यांतच जन्मलेले. त्यांना येथें खाद्य शोधतां येत नाहीं, कीं कावळ्यापासून जीव वांचवितां येत नाहीं. अशास मोकळें सोडणें म्हणजे आपल्या मनाची टोंचणी थांबविण्यासाठीं त्याचा जीव घेणें होय. आपल्या रानांतल्या राघूची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें त्याला पकडणें, विकणें व पाळणें हा गुन्हा आहे. तो ज्याच्या घरीं असेल त्यानें तो वनखात्याच्या स्वाधीन करावा, म्हणजे त्याला उडतां येतें कीं नाहीं हें जाणतीं माणसें पाहतील.

दुसरा कोणी म्हणेल, "पण तो बोलतो, गातो, तो सुखी आहे." पोपटाच्या जातीचा पक्षी थव्यांत राहणारा, त्याच्या हांकेला उत्तर लागतें. थवा नसला म्हणजे तो घरच्या माणसांनाच थवा मानतो व त्यांचे आवाज शिकतो. तेव्हां त्याचें बोलणें पुष्कळदां सुखाचें प्रमाण नसून सोबतीची मागणी असते. ती पुरविली गेली नाहीं, तर असे पक्षी कित्येकदां ओरडत सुटतात, आपलींच पिसें उपटून काढतात.

आतां ऋणाचा प्रश्न. टाळेबंदींत आपण त्याला सोबतीची संवय लाविली ती आपल्याला गरज होती म्हणून. पुढें कचेऱ्या उघडल्या, शाळा भरल्या, आणि पिंजरा पुन्हा रिकाम्या घरांत लटकत राहिला. पांखराच्या दृष्टीनें पाहतां एके दिवशीं सारा थवा उडून गेला, आणि कां गेला हें त्याला कोणी सांगूं शकलें नाहीं. त्यानें सोबत दिली ती स्वेच्छेनें दिली नाहीं, हें खरें. पण त्यामुळें ऋण कमी होत नाहीं, उलट वाढतें. स्वेच्छेनें देणाऱ्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक असते, आणि दिलेलें मागण्याचीही असते. ज्याला दोन्ही नव्हत्या, त्याच्याकडून घेतलेल्याचा हिशेब घेणाऱ्यानेंच ठेवावयाचा असतो.

तें फेडण्याचे मार्ग साधे आहेत. पिंजरा पंख पसरतां येतील एवढा रुंद असावा. खिडक्या लावून व पंखा बंद करून रोज कांहीं वेळ त्याला खोलींत उडूं द्यावें. साथींत जडलेली जंतुनाशकें फवारण्याची संवय पिंजऱ्याजवळ तरी मोडावी. पांखराचीं फुप्फुसें नाजूक असतात, उग्र वाफ त्यांना बाधते. सकाळसायंकाळ हातांतलें काम बाजूस ठेवून त्याच्याशीं बोलावें. आणि तें मेल्यावर पिंजरा पुन्हा भरूं नये.

संकटांत जो उपयोगी पडला त्याला संकट सरल्यावर विसरणें, हें माणसांच्या बाबतींत आपण निंद्य मानतों. पांखराला तक्रार करतां येत नाहीं, एवढ्यावरून तें कमी निंद्य ठरत नाहीं.