मोल खड्याचे, मोल शब्दाचे

सुरत हे नाव मराठी मुलाच्या कानावर प्रथम पडते ते इतिहासाच्या पुस्तकात, १६६४ आणि १६७० या दोन सनांच्या संगतीने. आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला मात्र सुरत म्हणजे पोटापाण्याचे गाव. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या गाडीत बसून खानदेशातली कित्येक कुटुंबे उधना, लिंबायत भागात स्थिरावली. कुणी मागावर, कुणी हिऱ्याच्या घंटीवर. हिरा घासायच्या फिरत्या चकतीला तिकडे घंटी म्हणतात. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ या एका शहराच्या हातांखालून जातात. म्हणूनच रत्नाचे मोल कशात असते हा प्रश्न मला पोथीतला वाटत नाही. आमच्याकडे तो शेजारपाजारचा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवी धार आली आहे. दोन हिरे शेजारी शेजारी ठेवा. एक जमिनीच्या पोटात, दीडशे किलोमीटरहून खोल, अब्जावधी वर्षांपूर्वी घडलेला. दुसरा सुरतेतल्याच एखाद्या कारखान्यात, बंद भांड्यातल्या तापलेल्या वायूतून कार्बनचा थर थरावर बसवत काही आठवड्यांत वाढवलेला. बाजारात याला ‘सीव्हीडी’ म्हणतात. दोन्ही शुद्ध कार्बन, दोघांचे काठिण्य एक, दोघांचे तेज एक. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावूनही जाणत्या जवाहिऱ्याला फरक सांगता येत नाही; त्यासाठी यंत्र लागते. तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट. २०२३ च्या जूनमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षपत्नींना साडेसात कॅरटचा, यंत्रात वाढवलेला हिरा भेट दिला. अमेरिकी सरकारच्या दप्तरात त्याची किंमत २०,००० डॉलर लागली. तेवढाच खाणीतला हिरा असता तर हा आकडा किती फुगला असता, हे कोणताही दलाल सांगेल. मग जो फरक डोळ्याला दिसत नाही, त्याचे पैसे आपण नेमके कशाचे मोजतो?

पहिले उत्तर आपल्या परंपरेतच आहे: परीक्षेला उतरतो तो खरा. घणाखाली ठेवावा, जो फुटत नाही तो हिरा, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. भाविकाच्या परीक्षेला हा दृष्टांत शोभतो, पण खऱ्या हिऱ्यावर कुणी तो प्रयोग करू नये. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठिसूळ असतो. ठरावीक दिशेने घाव बसला की त्याचे सरळ दोन तुकडे होतात. याच्या उलट जेड, म्हणजे मोगलांच्या दरबारातला यशब. तो हिऱ्यापेक्षा कितीतरी मऊ. पण त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की हातोडीला तो सहज दाद देत नाही. घण हीच कसोटी मानली तर हिरा खोटा ठरेल आणि हिरवट दगड खरा! वस्तू पाहून कसोटी निवडली नाही, तर कसोटीच खऱ्याचा घात करते.

चीनमध्ये जेडचीच एक जुनी कथा आहे. ‘हान फेइ’च्या ग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ती आली आहे. बिएन ह नावाच्या माणसाला डोंगरात एक ओबडधोबड दगड सापडला. आत जेड आहे हे ओळखून त्याने तो राजाला नेऊन दिला. राजाच्या पारख्याने सांगितले, साधा दगड आहे. लबाडीची शिक्षा म्हणून बिएनचा एक पाय तोडला. पुढचा राजा आला. पुन्हा तेच, दुसराही पाय गेला. तिसऱ्या राजाच्या वेळी तो डोंगराच्या पायथ्याशी तीन दिवस, तीन रात्री रडत बसला. विचारल्यावर म्हणाला, पाय गेल्याचे दुःख नाही; रत्नाला दगड म्हटले आणि खऱ्या माणसाला खोटा म्हटले, याचे आहे. मग राजाने दगड घासायला लावला आणि आतून अप्रतिम जेड निघाले.

या कथेत दोन किमती ठरतात, एक दगडाची आणि एक माणसाची. पारख्याने दगडाची चुकवली, त्याबरोबर माणसाचीही चुकली. दगडाची चूक पुढे दुरुस्त झाली. पाय परत आले नाहीत.

दुसरे उत्तर असे की मोल इतिहासाचे असते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीराचा जेडच्या मुठीचा खंजीर आणि नूरजहानची जेडची सुरी जपून ठेवली आहे. उद्या कुणी तसाच दगड आणून हुबेहूब तशीच सुरी कोरली, तर ती सुंदर म्हणू, पण काचेआड ठेवणार नाही. हृदयाच्या धडधडीवर उतारा म्हणून मोगल गळ्यात जेडचा ताईत घालीत. त्याला ‘हौलदिली’ म्हणत. आपल्या ‘हवालदिल’ शब्दाचा हा सख्खा भाऊ. असा जुना ताईत पाहिला की दगडापेक्षा, तो छातीशी धरणाऱ्या घाबऱ्या माणसाची आठवण होते. घरातली आजीची नथही अशीच. तिच्या मोत्यांना सराफ फारसे मोजणार नाही. पण बदल्यात नवी, अधिक पाणीदार नथ दिली तरी आपण घेणार नाही. तेव्हा डोळ्याला न दिसणाऱ्या भूतकाळाचे मोल खोटे म्हणता येत नाही.

पण इथेच थांबून विचार केला पाहिजे. आजीच्या नथीचा भूतकाळ आपला आहे. दुकानातल्या हिऱ्याची अब्ज वर्षे आपली नाहीत. त्या आपल्याला विकलेल्या आहेत. साखरपुड्याला हिरा हवाच, ही समजूतही फार जुनी नाही. डी बीअर्स कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यात जाहिरातींच्या जोरावर अमेरिकेत ती रुजवली आणि पुढे जगभर पसरवली. त्याच कंपनीने २०१८ मध्ये यंत्रातले हिरे कॅरटला ८०० डॉलर दराने विकायला काढले आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी, हिऱ्यांना प्रतवारी देणाऱ्या जीआयए या संस्थेने ठरवले की यंत्रातल्या हिऱ्याला रंगाची आणि निर्मळपणाची जुनी श्रेणी यापुढे द्यायची नाही, ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढेच म्हणायचे. खडा बदलला नाही, त्याच्याविषयी बोलायची भाषा बदलली. आमच्या नवापूर स्थानकावर फलाटाच्या मधूनच राज्याची सीमा जाते. बाक एकच, पण एका टोकाला गुजरातची दारूबंदी आणि दुसऱ्या टोकाला नाही. ती रेघ माणसाने ओढली म्हणून खोटी ठरत नाही. तिच्यापायी दंड भरावा लागतो. मात्र ती बाकातच कोरलेली आहे, असे कुणी म्हणू नये.

म्हणून मला तिसरे उत्तर जवळचे वाटते. आपण पैसे मोजतो ते एका विधानाच्या खरेपणाचे. जेडच्या बाजारात हे उघडपणे मानले आहे. नुसते मेण चोळलेले नैसर्गिक जेड ते ‘ए’; आम्लात विरंजन करून आत राळ भरलेले ते ‘बी’; रंग चढवलेले ते ‘सी’. ‘सी’ विकणे हे पाप नाही. ‘सी’ला ‘ए’ म्हणणे हे पाप आहे. हिऱ्याचेही तसेच. यंत्रातला हिरा खोटा नाही. त्याला खाणीतला म्हणणारी जीभ खोटी आहे. ऐपत बेताची असलेल्या मुलीने तो हौसेने बोटात घातला, तर त्यात कमीपणा काय?

सुरतेच्या महिधरपुऱ्यात हा बाजार भर रस्त्यात चालतो. स्कूटरच्या सीटवर पुड्या उलगडतात, लाखांचा माल जांगड दिला जातो. जांगड म्हणजे पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा. मराठी व्यापारातही हा शब्द जुना आहे. या सगळ्या व्यवहाराच्या तळाशी चिठ्ठी आणि शब्द, याहून अधिक काही नसते. मोठ्या खड्याला प्रमाणपत्र असते; पण बारीक मालाच्या पुडीतल्या एकेका कणाला ते काढणे परवडत नाही. यंत्रातला माल मिसळला जातो तो नेमका तिथे. जिथे तपासता येत नाही तिथेच माणसाचे मोल कळते. जो जाणतो त्याच्यावर, न जाणणाऱ्याचे ऋण असते.

आणि हे ऋण गिऱ्हाइकापुरते नाही. घंटीवर बसणाऱ्याला पूर्वी ‘हीराघसू’ म्हणत. आता मानाने ‘रत्नकलाकार’ म्हणतात. त्याच्या हाताला दोन्ही हिरे सारखेच कठीण, मजुरी मात्र नगावर. गेल्या काही वर्षांत मागणी घटली, किमती उतरल्या, २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात लादली. कामाचे तास तुटले, कारखान्यांना सुट्या वाढल्या, काहींनी जीवही दिला. त्या वर्षी मे महिन्यात गुजरात सरकारला कारागिरांच्या मुलांच्या शाळेच्या फीसाठी मदत जाहीर करावी लागली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये याच शहरात हिरेबाजाराची प्रचंड इमारत उघडली होती, हे इथे आठवते.

बिएनच्या दगडावर जेवढा वाद झाला, त्याच्या पायांवर झाला नाही. आपल्याकडेही हिरा खाणीतला की यंत्रातला याची चौकशी भिंग लावून होते. तो घासणाऱ्याला महिन्याकाठी किती दिवस काम मिळाले, हे विचारायला भिंगही लागत नाही. या दिवाळीत कुणी खडा घेणार असेल तर त्याने जरूर घ्यावा, खाणीतला घ्यावा किंवा यंत्रातला. विकणाऱ्याला दोन प्रश्न मात्र विचारावेत: हा कुठला, आणि घासला कुणी? पहिल्याचे उत्तर हल्ली लेखी मिळू लागले आहे. दुसरा प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागेल, तेव्हाच त्याचे उत्तर देणे बाजाराला भाग पडेल.