तरसाचं गोत

करमाळ्याच्या माळावर तिन्हीसांजेला तरस दिसलं, की बघणारा त्याला आधी कुत्र्यात जमा करतो. मग नजर अडखळते. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळं पाठ शेपटीकडं उतरत गेलेली. अंगावर काळे पट्टे. बिथरलं की मानेपासून पाठभर आयाळ ताठ उभी राहते आणि जनावर एकाएकी दुप्पट दिसू लागतं. लांडगा म्हणावा तर चालीत ती ऐट नाही.

जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनंही १७५८ साली तरसाला कुत्र्याच्याच प्रजातीत घातलं होतं. त्याला दोष देता येत नाही. थोराड जबडा, न आत ओढता येणारी नखं, मैलोगणती चालायचे पाय, सगळं श्वानकुळाकडंच बोट दाखवतं. १८६९ मध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी मांसभक्षक प्राण्यांच्या कवट्या उलट्या करून तळ तपासला. कानाशी हाडाचा एक फुगीर कप्पा असतो. त्याची घडण घराण्यागणिक वेगळी निघाली आणि तरस मांजर, मुंगूस, उदमांजर यांच्या पंगतीत जाऊन बसलं. पुढं जनुकांनीही तीच साक्ष दिली. म्हणजे उसाच्या बांधावरून सुळकन जाणारं मुंगूस हे कुत्र्यापेक्षा तरसाच्या कितीतरी जवळचं. याचं नवल मला अजून सरलेलं नाही. जगण्याचं काम सारखं असलं की शरीरं सारखी घडत जातात; आपण ते काम बघतो आणि नातं सांगून मोकळे होतो.

कोआलाचंही असंच झालं. ऑस्ट्रेलियात उतरलेल्या युरोपीयांना तो झाडावरचं अस्वल वाटला. खरं तर तो पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. आज हयात असलेला त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद म्हणजे जमिनीत बिळं करणारा वॉम्बॅट. निलगिरीच्या पाल्यानं त्याला नशा चढते, असंही लोक सांगतात. तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो ते पाल्यात कस नाही आणि त्यातली विषारी द्रव्यं पचवायला फार शक्ती लागते म्हणून. पण कोआलाबद्दलच्या गैरसमजानं त्याचे लाडच झाले. तरसाबद्दलचे गैरसमज त्याच्या जिवावर उठतात.

ते गैरसमज फार जुने आहेत. तरस दरवर्षी लिंग पालटतं, असं प्राचीन ग्रीसमध्ये मानत. ॲरिस्टॉटलनं ते खोडून काढलं आणि घोळाचं मूळही दाखवलं: शेपटीखाली नरालाही एक फट असते. ती गंधाची पिशवी. तिच्यातला चिकट स्राव गवताच्या काडीला पुसून तरस आपली हद्द सांगतं. माणसासारखं ‘हसणारं’ ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस. आपलं पट्टेरी तरस बहुतेक गप्पच असतं. मढी उकरतं, हे मात्र निखालस खोटं नाही. उथळ पुरलेलं ते काढतं. शेळी-करडूही कधी नेतं. पण त्याचं मुख्य पोट मेलेल्या जनावरांवर चालतं, आणि इतरांनी टाकलेली हाडं तेच फोडून खातं. म्हणून त्याची वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी दिसते.

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्या भीतीला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या उसात आणि केळीत रात्री दारं धरायला जाणाऱ्याला चिखलातला प्रत्येक ठसा बिबट्याचाच वाटणार. अशा वेळी वाकून बघावं. बिबट्या चालताना नखं आत ओढतो, त्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. तरसाच्या ठशात नखं दिसतात, आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो.

१९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात करमाळा तालुक्याचाही भाग होता. माळढोकासाठी राखलेल्या गवतात लांडगा, खोकड, तरस यांनाही आसरा मिळाला. ते गवत नांगराखाली जातंय तसं तरस वस्तीच्या जवळ सरकतंय. त्याच्या बिळाच्या तोंडाशी हाडांचा ढीग असतो. त्यात शेळीची कवटी सापडली की आळ पक्का होतो. ती शेळी कशानं मेली होती, हे मात्र कुणी विचारत नाही.