एकट्याचा प्रवास

मनुष्य एखादे कठीण कार्य सिद्धीस नेतो, तेव्हा "हे मी एकट्याने केले" असे म्हणण्याचा त्यास अधिकार आहे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर मनुष्याचा गर्व व त्याची कृतज्ञता ही दोन्ही अवलंबून आहेत. यास्तव ज्याच्या शेजारी दुसरा मनुष्य नव्हता अशा एका प्रवाशाची हकीकत वाचकांपुढे ठेवून आम्ही या प्रश्नाचा विचार करू इच्छितो. तो एकटा ठरत नसेल, तर दुसरा कोणी क्वचितच ठरेल.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास अलास्का नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. त्यातून युकॉन नावाची महानदी वाहते. ती कॅनडा देशातून उत्तरेकडे येते, फोर्ट युकॉन या गावाजवळ उत्तरध्रुववृत्तास स्पर्श करते, आणि मग नैर्ऋत्येस वळून समुद्रास मिळते. हिवाळ्यात तिचे पाणी इतके गोठते की नदी हाच रस्ता होतो. 1896 साली कॅनडातील क्लोंडाइक प्रांतात सोने सापडले व डॉसन हे शहर वसले. पुढे 1898 साली अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोमजवळ सोने सापडले, आणि दुसऱ्या वर्षी तेथील समुद्रकाठच्या वाळूतही ते आढळले. हे वर्तमान ऐकून डॉसनमधील पुष्कळ लोक भर हिवाळ्यात नोमकडे निघाले. बहुतेक पायी किंवा कुत्र्यांनी ओढावयाच्या गाड्या घेऊन गेले. परंतु थोडे लोक बायसिकलवरून गेले.

त्यांपैकी मॅक्स हिर्शबर्ग हा एक तरुण होता. त्याने कुत्र्यांच्या गाडीने जाण्याचा बेत केला होता. परंतु डॉसनमध्ये एका आगीच्या वेळी साहाय्य करीत असता त्याच्या पायात खिळा गेला, रक्तात विष भिनले, आणि बरे होईपर्यंत बरेच दिवस गेले. आता वसंतात बर्फ फुटण्यापूर्वी पोहोचावयाचे, तर अधिक वेगाचे वाहन हवे, म्हणून त्याने बायसिकल घेतली. 1900 सालच्या मार्च महिन्याच्या 2 तारखेस तो निघाला. तेव्हा उष्णतामान शून्याखाली सुमारे 30 अंश फॅरनहाइट होते. हजार मैलांहून अधिक अंतर त्यास कापावयाचे होते. बर्फावरील उन्हाच्या तेजाने त्याचे डोळे काही काळ निकामी झाले. शाक्तूलिक नदीवर पायाखालचा बर्फ फुटून तो पाण्यात पडला. जीव वाचला, परंतु सुमारे 1,500 डॉलर किंमतीच्या सोन्याच्या भुकटीची थैली पाण्यात गेली. पुढे बायसिकलची साखळी तुटली. तेव्हा त्याने अंगातील कोट काठीच्या आधाराने शिडासारखा ताणला, आणि पाठीमागच्या वाऱ्याच्या जोरावर गोठलेल्या बर्फावरून वाट काटली. 19 मे रोजी तो नोमला पोहोचला.

आता कोणी म्हणेल, "याच्या यशात दुसऱ्या कोणाचा वाटा असणार? पायडल दुसऱ्याने मारले नाही. पाण्यात दुसरा पडला नाही." हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. बर्फ फुटला त्या क्षणी धीर धरावयाचा की सोडावयाचा, हे त्याचे त्यानेच ठरविले. दुसऱ्याचे धैर्य उसने घेता येत नाही. मनुष्याच्या आयुष्यात अशी एक जागा असतेच, की जेथे त्याच्या वतीने दुसरा कोणी उभा राहू शकत नाही. तेथील स्तुती व तेथील दोष ही दोन्ही त्याचीच होत.

परंतु बायसिकलची चाके कशावरून चालली हेही पाहिले पाहिजे. खोल भुसभुशीत बर्फात बायसिकल दहा पावलेही जात नाही. पुढे गेलेल्या गाड्यांनी बर्फ दाबून ज्या दोन अरुंद चाकोऱ्या पाडल्या होत्या, त्यांतूनच ती चालू शकली. नदीकाठी ठिकठिकाणी प्रवाशांसाठी झोपड्या होत्या. तेथे शेगडी पेटलेली असे व अन्न मिळे. युकॉन सोडून काल्टॅगपासून समुद्रकाठच्या उनालाक्लीटपर्यंत जाणारी डोंगरातील वाट तर गोरे लोक येण्याच्या पुष्कळ आधीपासून तेथील मूळ रहिवाशांच्या व्यापाराची वाट होती. ती त्यांच्या पिढ्यांनी पाडली व राखली. मनुष्य जवळ नव्हता, परंतु मनुष्यांचे श्रम चाकाखाली होते.

या वाटेची गोष्ट येथेच संपत नाही. त्याच 1900 सालच्या उन्हाळ्यात पश्चिम अलास्कात गोवर व इन्फ्लुएन्झा यांची भयंकर साथ आली, आणि तेथील मूळ रहिवाशांपैकी फार लोक मेले. कित्येक घरांत मुले तेवढी उरली. हे रोग बाहेरून आले होते. यात त्या सायकलस्वाराचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु सोने शोधणाऱ्यांची नावे ग्रंथांतून उरली, आणि ज्यांच्या वाटेवरून ते गेले त्यांची नावे बहुधा कोणी लिहून ठेवली नाहीत. "मी एकट्याने केले" या वाक्यातील अपाय हाच होय. ते बोलणारा खोटे बोलतो एवढेच नव्हे. ज्यास ऋण आठवत नाही, तो ते फेडण्याचा विचारही करीत नाही, आणि धनकोच्या दारी संकट आले असता खुशाल पुढे निघून जातो.

याच वाटेने हिर्शबर्गच्या आधी, त्याच वर्षी, एड जेसन नावाचा दुसरा मनुष्य बायसिकलवरून डॉसनहून नोमला गेला. शून्याखाली 48 अंश थंडीत बायसिकलमधील तेल गोठून चाके फिरेनाशी झाली, तेव्हा त्यास थांबावे लागले. त्याच्या ओझ्यात वर्तमानपत्रे होती. हिवाळ्यात समुद्र गोठल्यामुळे नोमला जहाज येत नसे. तेथील लोकांस बाहेरच्या जगाची वार्ता दुर्मिळ होती. एकटा जाणाराही इतरांसाठी काही वाहून नेऊ शकतो, हे या गोष्टीवरून दिसते.

सारांश, भार उचलण्याची जबाबदारी एकट्याची असते. भार उचलण्याचे बळ अनेकांकडून आलेले असते. पहिली गोष्ट विसरणारा आळशी होतो व दुसऱ्यांवर विसंबून बसतो; दुसरी विसरणारा कृतघ्न होतो. वाचकहो, आपणांपैकी कोणी आपल्या घरात पहिला साक्षर झाला असेल, कोणी कर्ज फेडून जमीन सोडविली असेल. ती मेहनत आपलीच होय, तिचा आनंद मानावा. मात्र ज्या चाकोरीतून आपले चाक चालले ती कोणी पाडली, आणि त्या मनुष्याच्या घरी आज चूल पेटली आहे की नाही, हे एकदा मागे वळून पाहावे.