पाठीमागचं अंगण

संगणकावर एक फोटो उघडा. ओळखीच्या माणसाचा असावा. चटकन सापडत नसेल तर हा एक मनात धरा: आजी अंगणात उभी आहे. डोक्यावर पदर, उन्हाने डोळे बारीक झालेले. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, निळी प्लास्टिकची बादली, भिंतीला टेकवलेली सायकल, विजेचा मीटर. ही मागची गर्दी धूसर करायची, म्हणजे नजर आजीवर ठरेल. फोटो एडिटिंग शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच हे करावंसं वाटतं. आज आपण ते सावकाश करू. प्रत्येक पायरीवर थोडं बसू.

पहिल्या पायरीला संगणक लागत नाही. माऊसवरचा हात उचला. तो समोर सरळ ताणा, अंगठा उभा धरा आणि नखाकडे पाहा. नखावरच्या बारीक रेघा दिसू द्या. आता नजर न हलवता शेजारी काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. रंग कळतील, हालचाल कळेल; पुस्तकाच्या पाठीवरचं नाव मात्र वाचता येणार नाही. डोळ्याच्या पडद्यावर अगदी बारीक तपशील टिपणारी जागा फार लहान असते. तिच्या वाट्याला दृष्टिक्षेत्रातले साधारण दोन अंश येतात, म्हणजे ताणलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख मावेल एवढंच. बाकीचं जग सतत धूसर असतं. तसं वाटत नाही, कारण जिकडे वळावं तिकडे स्पष्टपणा आपल्यासोबत येतो.

फोटोत मात्र तसं होणार नाही. तुम्ही बादली धूसर केलीत की पाहणाऱ्याने कितीही टक लावली तरी ती धूसरच राहील. त्याच्या नजरेने कुठे थांबायचं, हे तुम्ही आधीच ठरवून टाकता आहात. या अधिकाराकडे क्षणभर पाहा. मग माऊस हातात घ्या.

गिंप हा मोफत प्रोग्रॅम या कामाला पुरतो. स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि १९९६ मध्ये लोकांसाठी खुला केला. त्यात फोटो उघडून लेअरची प्रत काढा. आता एकावर एक असे दोन सारखेच फोटो आहेत. खालचा धूसर होणार, वरच्यावर फक्त आजी उरणार. वरच्या लेअरला मास्क जोडा. मास्कवर पांढरा रंग लावला की तिथला फोटो दिसतो, काळा लावला की झाकला जातो. काहीच पुसलं जात नाही. चुकून आजीचा कान झाकला गेला, तर पांढरा ब्रश फिरवला की तो परत येतो. नवशिक्याच्या हाताला यासारखा दिलासा नाही.

आता फोटो मोठा करा आणि कडेकडेने चला. खांदा सोपा आहे. पदराची कड वाऱ्याने जरा हलली आहे, तिथे सावकाश. कपाळाशी आलात की थांबा. पदरातून सुटलेले चार पांढरे केस आहेत. आणखी मोठं करा, चौकोनी पिक्सेल दिसेपर्यंत. जो केस पिक्सेलहूनही बारीक आहे, तो तिथे एकटा सापडत नाही. त्या एकाच चौकोनात केसाचा पांढरा आणि भिंतीचा पिवळा मिसळून एक तिसरा रंग झालेला आहे. हा चौकोन आजीचा की भिंतीचा? मास्कवर काळा द्यावा की पांढरा? उत्तर आहे राखाडी. राखाडीने अर्धं दिसतं, अर्धं झाकलं जातं. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला; असे फोन हा निर्णय क्षणात घेतात. अजूनही ते बहुधा अडखळतात ते इथेच, सुट्या केसांपाशी. तुम्ही मात्र घाई करू नका. पेन्सिलीने गिरवावी अशी रेघ इथे नाहीच, हे डोळ्यांना पटू द्या.

मग खालच्या लेअरवर या आणि गॉसियन ब्लर निवडा. कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञाचं नाव याला आहे. १८०९ मध्ये ग्रहांच्या कक्षांवर लिहिताना, निरीक्षणांत होणाऱ्या चुकांचा हिशेब करण्यासाठी त्याने घंटेच्या आकाराचा वक्र वापरला होता. तोच वक्र इथे काम करतो. प्रत्येक पिक्सेल आपल्या शेजाऱ्यांचे रंग घेतो, जवळच्यांचे जास्त, लांबच्यांचे कमी, आणि त्यांची सरासरी आपल्या जागी मांडतो. एकूण उजेड जवळजवळ तेवढाच राहतो. बादलीचा निळा कुठे जात नाही. तो आसपास वाटला जातो, आणि त्याच्यासोबत बादलीचा आकार विरतो.

आता फोटोकडे बघा. आजीच्या भोवती तिच्या लुगड्याचा हिरवट रंग टीपकागदावर शाई पसरावी तसा झिरपलेला दिसेल. खालच्या लेअरवरही आजी होतीच ना! तिचाही रंग शेजाऱ्यांत वाटला गेला. हा दोष काढायचा एक नीट उपाय आहे: ब्लर रद्द करा, आणि धूसर करण्याआधी खालच्या लेअरवरून आजीला काढा. वरचा लेअर तात्पुरता लपवा, क्लोन टूल घ्या आणि आजूबाजूची भिंत, दोरी, जमीन उचलून तिच्या जागी भरत जा.

इथे सगळ्यात जास्त वेळ बसा. आजी ज्या जागेसमोर उभी होती ती जागा कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नाही. तिच्या मागे दोरी सरळ गेली असेल का? सायकलचं पुढचं चाक कुठवर येत असेल? ज्या अंगणाला पुसट करायचं म्हणून बसलो, त्याची वीट न् वीट आता लक्ष देऊन पाहावी लागते आहे. आणि आजी नसलेलं अंगण आपल्याच हाताने रंगवावं लागतं आहे. मनात काही हललं तर हलू द्या. काम थांबवायची गरज नाही. जागा भरून झाली की खालच्या लेअरला पुन्हा ब्लर द्या. वरचा लेअर पुन्हा दाखवा, ती तिथेच आहे.

आता पायांकडे या. आजी ज्या जमिनीवर उभी आहे ती तिच्या पावलांपाशी स्पष्टच हवी, नाहीतर ती हवेत तरंगते. कॅमेऱ्याच्या भिंगात धूसरपणा अंतराने वाढत जातो. तिच्याच रेषेत ठेवलेला तांब्या तिच्याइतकाच स्पष्ट दिसतो. दोरी जरा विरते, भिंत त्याहून अधिक. म्हणून फक्त जमिनीचा भाग निवडून पावलांपासून मागच्या भिंतीपर्यंत मास्कवर ग्रेडियंट ओढा, पांढऱ्याकडून हळूहळू काळ्याकडे. काय पुसट करायचं, याच्या आधी प्रश्न येतो की कोण कोणाच्या किती जवळ आहे.

उरलं प्रमाण. २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून फिल्टर लेअरवर वेगळा राहतो, त्यामुळे ब्लरचा आकडा मागाहूनही बदलता येतो. तो खूप वाढवा. अंगण नुसते रंगांचे डाग होईल आणि आजी कुठल्याही स्टुडिओच्या पडद्यासमोर उभी वाटेल. मग एकेक पायरी कमी करत या. कपडे कपडे वाटू लागतील, सायकल सायकल. घर ओळखू येईल, पण डोळा आधी चेहऱ्यावर जाईल, अशी एक जागा मध्ये कुठेतरी लागते. तिथे थांबा.

शेवटी आकडा शून्यावर आणून मूळ फोटोही एकदा पाहा. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या मित्रांनी एक गट काढला आणि त्याला नाव दिलं एफ/६४. भिंगाचं छिद्र फार बारीक केलं की जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट येतं; त्यांना फोटो तसाच हवा होता. तुमच्या फोटोलाही कदाचित तोच न्याय लागू असेल. तसं वाटलं तर ब्लर काढून टाका. इतका वेळ अंगण पाहिलं, ते वाया गेलेलं नाही.

ठेवायचं ठरलं तर दोन फायली करा. जेपीजीत सगळे लेअर एक होतात आणि तो धूसरपणा कायमचा होतो. ती घरच्या ग्रुपवर पाठवा. एक्ससीएफ फायलीत मूळ अंगण जसंच्या तसं राहतं. तिला गावाचं नाव आणि वर्ष द्या. आणि आजीला विचारणं शक्य असेल तर आजच विचारा, ती सायकल कोणाची होती.