निष्ठेच्या पोटातला नकार

मराठी वृत्तपत्रांत रोज छापल्या जाणाऱ्या पुण्यस्मरणाच्या मजकुरात, म्हणजे मृत व्यक्तीच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास कुटुंबीयांनी दिलेल्या स्मरणलेखात, पत्नी, माता आणि आजी म्हणून जगलेल्या स्त्रीविषयी येणारी विशेषणे बहुधा ठरलेली असतात: प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, त्यागमूर्ती. ती खोटी नसतात आणि लिहिणाऱ्यांच्या दुःखाविषयी शंका घेण्याचेही कारण नसते. परंतु त्या स्त्रीने इतरांसाठी काय केले एवढ्याचीच नोंद त्यांत होते. तिला स्वतःला काय पटले, काय पटले नाही आणि कोणत्या प्रसंगी ती अडून बसली, याचा त्यांत मागमूस नसतो. स्मरण हे मृताचे ऋण मानले, तर जिने आयुष्य घराला दिले तिची आठवण घराच्या सोयीने ठेवावी की ती जशी होती तशी ठेवावी, हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही, तो नीतीचा होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मराठीत लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतके भक्कम साधन दुसरे क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात जन्मल्या आणि वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास कवी नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शाळेचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीच्या आग्रहाने. पुढे मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. त्या निमित्ताने सुरू झालेले लेखन १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. पतीच्या चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेल्या या मजकुरात पत्नीच पूर्णाकृती उभी राहिली. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाने पतीच्या स्मरणार्थ लिहिण्याची वाट मराठी स्त्रीला मोकळी करून दिली होती, पण तेथे प्रकाश मुख्यतः पतीवर, न्यायमूर्ती रानड्यांवर, पडतो आणि लेखिका आदराने बाजूला उभी राहते. लक्ष्मीबाई बाजूला उभ्या राहत नाहीत.

फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतो ते टिळक संसारात शीघ्रकोपी होते, न सांगता घर सोडून निघून जाणारे होते आणि हातात आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळे होणारे होते. त्यांची दानत अस्सल होती यात शंका नाही. मात्र दान ही कृती तपासताना दात्याचे मन पाहण्याची जी सवय नीतिविचाराला लागली आहे, तिच्यामुळे एक गोष्ट नेहमी दृष्टीआड होते: कुटुंबप्रमुखाने जे दिले ते एकट्याचे नसते, आणि रिकाम्या डब्यांवर संध्याकाळचा स्वयंपाक उभा करण्याचे काम ज्या व्यक्तीकडे येते तिला देण्यापूर्वी कोणी विचारलेले नसते. दानाचे पुण्य एकाच्या नावे जमा होते, दानाचा भार दुसरीच्या माथी बसतो. हा हिशेब जुना झाला असेही म्हणता येत नाही, कारण २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, म्हणजे लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात हे नोंदविणाऱ्या सरकारी सर्वेक्षणात, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. लक्ष्मीबाईंचे वेगळेपण असे की त्या हा भार लपवीतही नाहीत आणि त्याची वसुलीही करीत नाहीत. पतीच्या औदार्यावर त्या मनापासून लोभ करतात आणि त्याच दमात त्या औदार्यापायी झालेली फजिती हसत हसत सांगतात. सर्वसाधारण समज असा की विनोद म्हणजे दुःखावरचे पांघरूण. त्यांच्याकडे तो खरे बोलण्याचा मार्ग आहे, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी कडवट न होता खरे बोलण्याचा दुसरा मार्ग त्या काळच्या पत्नीजवळ फारसा नव्हताच.

त्यांच्या आयुष्यातील मुख्य नैतिक प्रसंग १८९५ साली आला. त्या वर्षी फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार स्वीकारला. पतिव्रता या कल्पनेचा, म्हणजे पतीची इच्छा हाच पत्नीचा धर्म मानणाऱ्या आदर्शाचा, शब्दशः अर्थ घेतला असता तर लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागे जावयास हवे होते, आणि त्याच परंपरेच्या आचारधर्माचा अर्थ घेतला असता तर त्यांनी पतीला मेलेला समजून कायमचे तोंड फिरवावयास हवे होते. त्यांनी दोन्ही केले नाही. त्या पतीपासून दूर राहिल्या, चार वर्षांचा मुलगा सांभाळला, नातलगांच्या आश्रयाने नाशिक आणि पंढरपूर येथे दिवस काढले, मनाने आणि शरीराने खचल्या, पण पतीवरची माया मात्र त्यांनी मागे घेतली नाही. सुमारे पाच वर्षांचा हा काळ त्यांच्या निष्ठेतील खंड मानण्याची चूक सहज होऊ शकते. खरे पाहता याच काळात त्यांची निष्ठा सिद्ध होते, कारण जिला नाही म्हणता येते तिच्याच होकाराला वजन असते. जिच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही तिच्या अनुसरणाला आज्ञापालन म्हणता येईल, निष्ठा म्हणता येणार नाही.

पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी आपला विचार त्यांच्या स्वाधीन केला नाही. त्यांच्या माहेरी सोवळ्याचे, म्हणजे स्पर्शाने विटाळ होतो असे मानून पाळल्या जाणाऱ्या शुद्धतेच्या नियमांचे, प्रस्थ विलक्षण होते. वडिलांच्या या वेडाचा घरातील बायकांना झालेला जाच त्यांनी आत्मचरित्राच्या आरंभीच वर्णिला आहे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीने अहमदनगरला पतीकडे आल्यावर आपले खाणेपिणे काही काळ वेगळे ठेवले, आणि सोडले ते पतीने सांगितले म्हणून नव्हे. माणसामाणसांत जातीचा भेद देवाने केला आहे की माणसाने, या प्रश्नावर त्यांनी स्वतःशी झगडा केला, तो माणसानेच केला आहे असा निर्णय घेतला आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास मोकळ्या झाल्या. धर्मांतर त्यानंतरचे, १९०० सालचे. जातिभेद आधी मोडला आणि धर्म मागाहून बदलला, हा क्रम लक्षात घेतला की पत्नी पतीच्या पावलावर पाऊल टाकून गेली हे सोपे विधान टिकत नाही. ज्या ठिकाणी टिळक पोहोचले होते त्याच ठिकाणी त्या पोहोचल्या, पण वाट त्यांनी स्वतः तुडविली.

अशा स्त्रीच्या स्मरणात दोन प्रकारे अन्याय होतो. पहिला तिला त्यागमूर्ती म्हणून देवत्व देण्याचा, ज्याचा उल्लेख वर आला. दुसरा अलीकडचा आहे आणि सुशिक्षित वाचकाला अधिक भुरळ घालणारा आहे: तिला केवळ बळी ठरविण्याचा. बाया कर्वे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई, यांचे ‘माझे पुराण’ हे १९४४ सालचे आत्मकथन या दोन्ही वाचनांना दाद देत नाही. बालविधवा असलेल्या आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेत, शिकल्या आणि १८९३ साली त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी कमाई आणि शिल्लक स्वतः स्थापिलेल्या विधवांच्या आश्रमात ओतली. घर चालविण्याची विवंचना बायांच्या वाट्याला आली, आणि त्याविषयीची आपली नाराजी त्या आडपडदा न ठेवता बोलून दाखवितात. पण त्याच बाया आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत फिरल्या. तक्रार खरी आणि सहभागही खरा. यांतील एक पुसून दुसरे ठेवणे ही वाचकाची सोय झाली, बायांना न्याय नव्हे. कर्व्यांची सून आणि समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी तर सासऱ्यांविषयी लिहिताना, आपण त्यांची सून आहोत याचा अभिमान आणि त्यांची पत्नी नाही याचे समाधान, दोन्ही एकत्र नोंदविले आहे. मोठ्या माणसाच्या घरातील स्त्रीच्या स्थितीचे इतके नेमके निदान मोठमोठ्या चरित्रग्रंथांत मिळत नाही. बाया १९५० साली गेल्या; कर्व्यांना १९५८ साली मिळालेले भारतरत्न पाहायला त्या नव्हत्या.

पतीच्या बाप्तिस्म्यानंतर आलेला एकटेपणा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा आला. १९१७ साली टिळकांनी संन्यास स्वीकारला, संसाराची घडी पुन्हा विस्कटली, आणि १९१९च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले. मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरांनी वापरलेला आणि जात्यावर दळताना बायकांच्या तोंडी असलेला छंद. टिळकांनी त्यात आरंभिलेले काव्य दहा अध्यायांच्या पुढे फारसे सरकले नव्हते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. आकडा पाहिल्यावर पतीचे अपुरे काम पत्नीने पूर्ण केले हे नेहमीचे वाक्य किती तोकडे आहे हे उमगते: ग्रंथाचा मोठा भाग तिचा आहे, आणि तरीही तो पतीचाच संकल्प म्हणून तिने पुढे नेला. येथे निष्ठा आणि स्वतंत्र कर्तृत्व यांत निवड करावी लागतच नाही.

आईपणाविषयी लिहिताना त्या फार बोलत नाहीत, करीत मात्र पुष्कळ राहतात. कवी बालकवी ठोमरे यांना टिळकांच्या अहमदनगरच्या घरी जी माया मिळाली तीही लक्ष्मीबाईंचीच. आजी म्हणून त्यांची आठवण कशी राखली गेली, हे मात्र पुस्तकाच्या आवृत्त्यांतून दिसते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुढे मुलाने, देवदत्त टिळकांनी, साहित्य अकादमीसाठी ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली आणि त्यानंतरच्या पिढीत नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, संपूर्ण मजकूर टिपांसह संपादित केला. संक्षेप वाईट नव्हे, त्यामुळे पुस्तक अधिक घरांत पोहोचते. पण आजीचे बोलणे न छाटता, तिचे प्रसंग, माणसे आणि गावे पडताळून पुढे ठेवणारे नातवाचे काम स्मरणाच्या ऋणाला अधिक पुरे पडते, कारण आठवण सुबक करण्याचा मोह त्यात आवरलेला आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हे शक्य झाले ते त्या स्वतः लिहून गेल्या म्हणून, आणि त्यांनी लिहिले ते मुलाने मागितले म्हणून. त्याने मागितल्या होत्या वडिलांच्या आठवणी, हे येथे विसरू नये.

बहुसंख्य घरांत असे कोणी मागत नाही, आणि दशक्रियेनंतर, म्हणजे मृत्यूनंतरच्या दहाव्या दिवसाच्या विधीनंतर, विशेषणे शोधण्याची वेळ येते तेव्हा सांगणारी उरलेली नसते. म्हणून ज्यांच्या घरी आजी आज बोलती आहे त्यांनी तिला आजोबांविषयी विचारून झाल्यावर तिच्याविषयीही विचारावे, तिने कशाला नकार दिला होता हे आवर्जून विचारावे, आणि ती जे सांगेल ते तिच्याच बोलीत, सुधारणा न करता, लिहून घ्यावे.