सत्कार : पारितोषिक कीं ऋणफेड ?

2024 सालच्या जून महिन्यांत मी अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर ह्या शहरीं, माझ्या थोरल्या बहिणीकडे राहिलों होतों. ऑन्टॅरिओ सरोवराजवळचें हें शहर एके काळीं कोडॅकच्या छायाचित्रण-कारखान्यामुळें जगभर प्रसिद्ध होतें. 6 जून रोजीं सायंकाळीं सर्व कामें लवकर उरकून घरांतील मंडळी दूरचित्रवाणीसमोर येऊन बसली. कांहीं मोठी राजकीय घटना घडली असावी, अशी माझी समजूत झाली. पण प्रकार निराळाच होता. तेथील स्थानिक वाहिनीवर बातम्या सांगणारे डॉन अल्हार्ट हे गृहस्थ त्या दिवशीं निवृत्त होत होते. 1966 सालच्या 6 जून रोजीं ते त्या केंद्रांत रुजू झाले होते. म्हणजे बरोबर 58 वर्षें त्यांनीं एकाच केंद्रांतून, एकाच शहरास, बातम्या सांगितल्या. आणि त्यांच्या ह्या दीर्घ कारकीर्दीची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांतहि झाली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलेलें पाहून मला प्रथम हंसूं आलें, आणि मग त्या हंसण्याची लाज वाटली. तरी त्या रात्रीं मीं तिला एक प्रश्न विचारलाच : “एकाच जागीं अठ्ठावन वर्षें बसून दुसऱ्यांनीं लिहिलेल्या बातम्या वाचणें, ह्यांत गौरव करण्यासारखें असें काय आहे?” ताई एवढेंच म्हणाली, “तुला नाहीं कळायचें. तूं येथें राहिला नाहींस.” ह्या उत्तरानें माझें तेव्हां समाधान झालें नाहीं, पण त्यांतच खरें उत्तर दडलेलें होतें, असें आतां मला वाटूं लागलें आहे.

अशा दीर्घसेवेचा सन्मान करण्याची अमेरिकेंत एक रूढ पद्धति आहे. तेथील दूरचित्रवाणी-कला व शास्त्र ह्यांची राष्ट्रीय अकादमी 1955 सालीं स्थापन झाली. तिच्या निरनिराळ्या प्रांतिक शाखा, ज्यांनीं ह्या व्यवसायांत पंचवीस किंवा अधिक वर्षें घालविलीं, त्यांस आपल्या ‘रुपेरी मंडला’ंत घेतात आणि ज्यांचीं पन्नास वर्षें भरलीं त्यांस ‘सुवर्ण मंडला’ंत. हा मान केवळ पडद्यावर दिसणाऱ्यांचाच नसतो. कॅमेरा चालविणारे, संपादन करणारे, निर्मिति सांभाळणारे, यंत्रें नीट ठेवणारे, अशा कधींहि न दिसणाऱ्या माणसांनाहि तो मिळतो. उमेदवाराचें कार्य पाहतात हें खरें. परंतु दारांत विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘काय केलेंत?’ असा नसून ‘किती वर्षें केलेंत?’ असा असतो. एखाद्या विशिष्ट कृतीच्या गुणवत्तेसाठीं तेथें ‘एमी’सारखीं पारितोषिकें निराळीं आहेतच.

ह्या पद्धतीवर आक्षेप घेणें सोपें आहे. काळ कोणासाठीं थांबत नाहीं. मग त्याच्याबरोबर नुसतें वाहत जाणाऱ्यानें कोणता पुरुषार्थ केला? रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड शंभर वर्षें एका जागीं उभा असतो. त्याला कोणी शाल पांघरीत नाहीं. कचेरींत तीस वर्षें डुलक्या घेणारा मनुष्य व तीस वर्षें डोळ्यांत तेल घालून काम करणारा मनुष्य हे दोघेहि एकाच दिवशीं निवृत्त होतात, आणि दोघांनाहि सारखाच नारळ मिळतो. आमच्या शिक्षणव्यवसायांत मीं असे कित्येक समारंभ पाहिले आहेत. ज्याच्या तासाला विद्यार्थी टिकत नसत, त्याला ‘विद्यार्थिप्रिय’ म्हणणारीं भाषणें ऐकलीं आहेत. आणि लपवून काय उपयोग? तसें एक भाषण मीं स्वतःहि केलें आहे. तेव्हां वर्षांचा सत्कार म्हणजे असत्याला दिलेलें निमंत्रण, असें कोणीं म्हटल्यास त्याला खोटें पाडणें मला तरी जड जाईल.

पण येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं संपल्यावर मागें कांहीं तरी उरतें. शिल्पकाराची मूर्ति उरते, ग्रंथकाराचा ग्रंथ उरतो, अभियंत्याचा पूल उरतो. ह्यांचा गौरव करावयाचा तर वर्षें मोजण्याचें कारण नाहीं. वस्तु पुढें ठेवावी आणि पारख करावी. उलट कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं झालीं त्याच दिवशीं नाहींशीं होतात. पोळी करणारीची पोळी खाल्ली कीं संपली. परिचारिकेनें रात्रभर केलेली शुश्रूषा सकाळीं कोठेंहि दिसत नाहीं. बातम्या सांगणाऱ्याचें काम ह्याच जातीचें आहे. आजची बातमी उद्यां शिळी होते, आणि ती नीट सांगितली गेली तर सांगणाऱ्याची आठवणहि राहत नाहीं. राहते ती बातमीची. अशा कामाचा नमुना पुढें ठेवून त्याची परीक्षा करतां येत नाहीं. त्याचें मोल त्याच्या पुनरावृत्तींत असतें, आणि पुनरावृत्ति मोजण्याचें माप म्हणजे वर्ष. मैलाचा दगड एकदां रोवला कीं उभा राहतो. माणसाला मात्र रोज नव्यानें उभें राहावें लागतें.

आमच्या मुंबईचें उदाहरण पाहावें. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें. त्यावर आरंभींच्या काळांत मराठी बातम्या देणाऱ्यांत भक्ति बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या. आज त्यांचीं नांवें निघतात तीं रंगभूमीमुळें व चित्रपटांमुळें. त्यांनीं वाचलेल्या बातम्या कोणाला आठवतात? अनंत भावे ह्यांनींहि तेथें बातम्या दिल्या. पण मुलांसाठीं त्यांनीं लिहिलेलीं पुस्तकें कपाटांत राहिलीं आणि बातम्या हवेंत विरल्या. प्रदीप भिडे मात्र कित्येक दशकें त्या एकाच कामास धरून राहिले. म्हणून 2022 सालीं त्यांचें निधन झालें तेव्हां माझ्या वयाच्या असंख्य लोकांना घरचें कोणी गेल्यासारखें वाटलें. त्यांनीं सांगितलेली एक तरी बातमी शब्दशः सांगा म्हटलें, तर आमच्यापैकीं किती जणांना सांगतां येईल? आणि तरी आवाज म्हटला कीं तो कानांत आहे.

शिवाय विश्वास ही गोष्टच अशी आहे कीं, ती एका दिवसांत कमावतां येत नाहीं. कोडॅक कारखान्यांत एके काळीं रॉचेस्टरमधील साठ हजारांच्या आसपास माणसें काम करीत असत. माझे मेव्हणे त्यांपैकींच एक. पुढें कारखाना उतरणीस लागला, आणि जानेवारी 2012 मध्यें त्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तें वर्तमान सर्व जगानें ऐकलें. परंतु जगाला ती व्यापारी बातमी होती, आणि त्या गांवाला घरांतील दुखणें होतें. दुखण्याचें नांव परक्यानें सांगणें निराळें, आणि ज्यानें घराण्याचीं दुखणींखुपणीं वर्षानुवर्षें पाहिलीं आहेत अशा वैद्यानें सांगणें निराळें. शब्द तेच असतात. पण दुसऱ्याच्या शब्दांमागें त्याचीं वर्षें उभीं असतात. ‘तूं येथें राहिला नाहींस’ असें ताई म्हणाली, त्याचा अर्थ हाच असावा.

एवढ्यावर निबंध संपविला असता तर बरें झालें असतें. पण दोन अडचणी मला स्वस्थ बसूं देत नाहींत.

पहिली अडचण अशी कीं, टिकून राहणें हें सर्वस्वीं माणसाच्या हातीं नसतें. अमेरिकेंतच कॅन्सस सिटी येथें क्रिस्टीन क्राफ्ट ह्या बाईंना 1981 सालीं मुख्य निवेदिकेच्या जागेवरून काढण्यांत आलें. प्रेक्षकांना त्या वयस्क व अनाकर्षक वाटतात आणि पुरुषांपुढें पुरेशा नमून वागत नाहींत, असें आपल्याला सांगण्यांत आल्याचें त्यांचें म्हणणें होतें. त्या वेळीं त्यांनीं चाळिशीहि गांठली नव्हती. त्या न्यायालयांत गेल्या. दोन वेळां ज्यूरीनें त्यांच्या बाजूनें कौल दिला, पण 1985 सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. पुरुषाचे केस पिकले कीं तो ‘अनुभवी’ ठरतो, आणि बाईचे पिकले कीं तिची जागा दुसरीला मिळते, अशी जेथें रीत असेल, तेथें पन्नास वर्षांचा सन्मान हा गुणांइतकाच सुदैवाचाहि सन्मान होय. ज्यांस टिकूं दिलें नाहीं त्यांचें काय?

दुसरी अडचण आपल्या घरची आहे. 25 जून 1975 पासून 21 मार्च 1977 पर्यंत आपल्या देशांत आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होतें, आणि दूरदर्शन तर सरकारचेंच होतें. मी तेव्हां लहान होतों. गिरगांवांतील आमच्या चाळींत एकच संच होता, आणि त्याच्यापुढें सतरंजीवर बसून आम्ही मुलें ज्या गंभीर, स्वच्छ आवाजांत बातम्या ऐकत होतों, त्या आवाजांस तेव्हां जें सांगण्याची मुभा होती तेवढेंच सांगतां येत होतें. जें सांगितलें गेलें नाहीं तें आम्हांला पुढें कळलें. मग अशा आवाजांचे आभार मानावे कीं न मानावे?

ह्या दोन्ही अडचणी, सत्काराला आपण पारितोषिक समजतों म्हणून उत्पन्न होतात, असें माझें मत झालें आहे. पारितोषिक हा निवाडा असतो. तें देतांना तुलना करावी लागते, आणि एकाला दिलें कीं दुसऱ्याला नाकारल्यासारखें होतें. निवाड्यांत चूक झाली तर तो अन्याय ठरतो. पण आपल्याकडे ऋणाची एक जुनी कल्पना आहे. देवांचें, ऋषींचें, पितरांचें ऋण मनुष्य जन्मतःच घेऊन येतो, असें आपले पूर्वज मानीत. पित्याचें ऋण मानण्यापूर्वीं ‘माझा पिता इतर पित्यांहून श्रेष्ठ आहे काय?’ असें कोणी विचारीत नाहीं. ऋणाला एकच प्रश्न लागू पडतो : मला कांहीं मिळालें काय? मिळालें असेल तर तें मान्य करणें एवढेंच कर्तव्य उरतें.

दीर्घसेवेचा सत्कार ही अशी ऋणफेड होय, असें मानलें म्हणजे गुंता बराच सुटतो. जे टिकले त्यांचें ऋण मानल्यानें, ज्यांस टिकूं दिलें नाहीं त्यांचा अपमान होत नाहीं. त्यांचेंहि, त्यांनीं दिलें तेवढें, ऋण शिल्लकच असतें आणि तेंहि फेडावयाचें असतें. तसेंच, आणीबाणींत जें सांगावयाचें राहिलें, तें आभार मानल्यानें सांगितल्यासारखें होत नाहीं. जमाखर्चाच्या वहींत जमा व नांवें अशा दोन बाजू असतात. एका बाजूची रक्कम लपविण्यासाठीं दुसरीवर शाई सांडणें हा हिशेब नव्हे. त्या आवाजांनीं मला शुद्ध मराठी उच्चार शिकविले, ही जमा आहे. त्यांतून मला अर्धेंच सत्य मिळालें, हेंहि लिहिलेलें असावें. कृतज्ञता म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. हें ध्यानांत ठेवलें तर सत्कारसमारंभांत खोटें बोलण्याचेंहि कारण उरत नाहीं. ‘आपण सर्वश्रेष्ठ आहां’ हें वाक्य बहुधा खोटें असतें. ‘अमुक दिवशीं आपल्याकडून मला अमुक मिळालें’ हें वाक्य, तें मिळालें असेल तर, खोटें असूंच शकत नाहीं.

मात्र ऋणाला एक अट असते. तें धनको जिवंत आहे तोंवर फेडावें. दहाबारा वर्षांपूर्वींची गोष्ट. नोव्हेंबर महिना होता, आणि एका बँकेंत निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांची, हयातीचे दाखले देण्यासाठीं, रांग लागली होती. माझ्यापुढें एक गृहस्थ होते. खिडकीमागच्या मुलीनें त्यांना नांव विचारलें. तिला ऐकूं गेलें नाहीं म्हणून पुन्हां विचारलें. त्यांनीं दुसऱ्यांदां तें सावकाश उच्चारलें मात्र, आणि मी चमकलों. नांवापेक्षां आवाजच आधीं ओळखला. लहानपणीं सतरंजीवर बसून ऐकलेल्या आवाजांपैकीं तो एक होता. हजारों घरांत ज्याची रोज वाट पाहिली जात असे तो आवाज, आपण जिवंत आहों, एवढें सिद्ध करण्यासाठीं तेथें उभा होता. माझ्या मनांत पुष्कळ आलें. पण ओळख नाहीं, पाळख नाहीं. काय बोलावें, कसें बोलावें, लोक काय म्हणतील, ह्या विचारांत मी राहिलों. त्यांनीं कागद घडी करून खिशांत ठेवला आणि ते निघून गेले. पुन्हां त्यांची माझी गांठ पडली नाहीं.

रॉचेस्टरहून निघण्याच्या आदल्या दिवशीं ताई टेबलाशीं बसून कांहीं लिहीत होती. अल्हार्ट ह्यांना पत्र आहे, असें ती म्हणाली. मीं तें मागून घेऊन वाचलें. सगळ्या मिळून तीन ओळी होत्या. आपण नवी नवरी म्हणून ह्या गांवीं आलों तेव्हां इंग्रजी कानाला कळत नसे. रोज सायंकाळीं आपल्या बातम्या ऐकून तें कळूं लागलें. त्याबद्दल आभार, एवढाच मजकूर. “इतकेंच?” मीं विचारलें. “इतकेंच मिळालें होतें,” ती म्हणाली, “पण तें मिळालें होतें.”

त्या बँकेंत मला द्यावयाची रक्कमहि एवढीच होती, आणि ती चुकती करण्यास एक वाक्य पुरें होतें.